धणे, तमालपत्र आणि टर्मिनलमधले रकाने

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आईने फोनवर गोड्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं आणि मी ते समोर उघड्या असलेल्या टर्मिनलमध्येच, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून द्यायच्या खिडकीतच, टाइप करून ठेवलं. माझं काम सर्व्हर सांभाळायचं, त्यामुळे सकाळी लॅपटॉप उघडल्यापासून रात्री बंद करेपर्यंत ती काळी खिडकी उघडीच असते, आणि नोट्स, किराणा, बिलांच्या तारखा, पाककृती सगळं मी साध्या मार्कडाउन फाइलमध्ये, म्हणजे हेडिंग, याद्या वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणाऱ्या मजकुरात, तिथेच ठेवते. दिवसाचे आठ-नऊ तास जी गोष्ट डोळ्यांसमोर असते ती नीट दिसायला हवी असं मला मनापासून वाटतं. म्हणून टर्मिनलमध्ये मजकूर छान कसा दाखवायचा यावर मी बराच वेळ घालवलाय आणि त्यातलं जे शिकले ते इथे लिहून ठेवतेय, विशेषतः मराठी मजकुराबद्दल, कारण त्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही.

आधी सोपं ते सांगते. मार्कडाउन फाइल नुसती कॅटने, म्हणजे फाइल आहे तशी छापणाऱ्या कमांडने, उघडली की हॅश आणि चांदण्यांचा कचरा दिसतो, त्यापेक्षा ग्लो नावाचं छोटं टूल टाका, ते हेडिंगला रंग देतं, याद्यांना बुलेट लावतं, कोडचे तुकडे वेगळे दाखवतं, आणि डब्ल्यू पर्याय देऊन ओळीची रुंदीही ठरवता येते. ही रुंदी फार महत्त्वाची, मोठ्या मॉनिटरवर टर्मिनल पूर्ण पसरलं की दोनशे अक्षरांची ओळ होते आणि डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येताना चुकतो, मी साठ-सत्तरच्या वर जाऊच देत नाही. कोड किंवा कॉन्फिग फाइल बघायला बॅट, ते कॅटचंच रंगीत भावंड, डावीकडे ओळींचे नंबर देतं. आणि स्वतः पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काही लिहीत असाल तर विल मॅकगुगन यांची रिच लायब्ररी, त्यात तक्ते, चौकटी, प्रोग्रेस बार सगळं तयार आहे, इन्स्टॉल करून पायथन, वजा एम, रिच एवढं चालवलं तरी काय काय करता येतं त्याचा नमुना समोर येतो.

हे सगळं आतून चालतं कसं ते एकदा समजून घेतलं की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. टर्मिनलला रंग वगैरे वेगळ्या वाटेने जात नाहीत, मजकुराच्या मधोमधच जातात. एस्केप नावाचं एक न दिसणारं अक्षर, म्हणजे २७ नंबरचं, त्यापुढे उघडा चौकोनी कंस, मग आकडा आणि शेवटी छोटा एम. आकडा ३१ असेल तर इथून पुढे लाल, ३२ हिरवा, १ म्हणजे ठळक, ४ म्हणजे अधोरेखित, आणि ० म्हणजे सगळं पूर्ववत. ही भाषा १९७८ साली आलेल्या डेक या संगणक कंपनीच्या व्हीटी १०० टर्मिनलमुळे सगळीकडे पसरली, खरं तर त्या यंत्राचा पडदा एकरंगी होता, रंग नंतर आले. आधी आठ, मग सोळा, मग २५६, आणि आता लाल-हिरवा-निळा यांचे तीन आकडे देऊन हवी ती छटा.

एवढ्या छटा हाताशी असूनही मी मूळ सोळा रंगांतच राहते. कारण ते सोळा रंग वापरणाऱ्याच्या थीमप्रमाणे बदलतात, कुणी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काम करतो, कुणी काळ्या, आपण हट्टाने एखादी फिकट पिवळी छटा आकड्यांत कोंबली तर पांढऱ्यावर ती दिसतच नाही. काळ्यावर गडद निळा तर मला आजही वाचता येत नाही. आणि नुसत्या लाल-हिरव्यावर अर्थ सोडू नये, शेजारी शब्दही असावा, कारण हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं आपल्या आसपास असतात, माझ्या टीममध्येच एक जण आहे.

एक चूक मी केली ती सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. आधीच्या नोकरीत रात्रीच्या बॅकअपचा रिपोर्ट देणारी स्क्रिप्ट मी छान रंगीत केली होती, पडद्यावर बघताना सुरेखच दिसायची, पण रात्री ती आपोआप चालायची आणि तिचं आउटपुट फाइलमध्ये जाऊन तिथून मेलने साहेबांना जायचं. सकाळी त्यांनी बोलावून मेल दाखवला तर प्रत्येक शब्दाच्या मागे-पुढे चौकोनी कंस, ३१, एम, कंस, ०, एम, आणि या भाऊगर्दीत एक बॅकअप खरोखर फेल झालेला होता तो कुणाच्या नजरेलाच पडला नव्हता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रंग देण्याआधी आउटपुट टर्मिनलवर जातंय की फाइलमध्ये हे तपासते, शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टेस्टला वजा टी आणि १ दिलं की कळतं, पायथनमध्ये इझ-ए-टीटीवाय आहे. शिवाय नो कलर नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना वाचता येणारं सेटिंग, आहे, २०१७ पासून हा संकेत रूढ झाला, ते सेट असेल तर प्रोग्रामने मुकाट्याने रंग बंद ठेवायचे.

आता मसाल्याकडे येते.

यादी अशी होती, धणे ५०० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ १००, दगडफूल २५, नागकेशर १०, तमालपत्र १०, पुढे लवंग, हिंग वगैरे. नाव डावीकडे, वजन उजवीकडे, दोन रकाने, यापेक्षा साधा तक्ता असू शकत नाही. मी बॅश या शेलमध्ये प्रिंटएफ ही मजकूर मांडून छापणारी कमांड वापरली, नावाला वीस जागा द्या म्हटलं, आणि जे आलं ते बघून थक्क झाले. धण्यांचं वजन बऱ्यापैकी लांब, दगडफुलाचं नावाला जवळजवळ खेटून आणि तमालपत्राचं तर त्या शब्दालाच चिकटलेलं. नाव जितकं लांब तितका आकडा डावीकडे, म्हणजे सगळं उलटच.

कारण शोधलं तर असं, बॅशचं प्रिंटएफ अक्षरं मोजतच नाही, बाइट, म्हणजे साठवणुकीचे तुकडे, मोजतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. धणे म्हणजे ध, ण आणि मात्रा, तीन चिन्हं, नऊ बाइट, वीसमधून नऊ गेले, अकरा रिकाम्या जागा भरल्या. दगडफूल अठरा बाइट, दोनच जागा उरल्या. तमालपत्र चोवीस बाइट, म्हणजे वीस कधीच ओलांडले, भरायला काही उरलंच नाही. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट असल्यामुळे ही गोष्ट तिथे कधी लक्षातच येत नाही.

मग पायथनकडे गेले, ते बाइट न मोजता चिन्हं मोजतं. परिस्थिती सुधारली पण पूर्ण नाही. तीळ बरोबर जागी, धणे एक घर मागे, आणि सुकं खोबरं चांगलं तीन घरं मागे. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकोनांची जाळी, वहीतल्या गणिताच्या पानासारखी, प्रत्येक चौकोन एक घर. पायथन म्हणतंय की सुकं खोबरं मधली जागा धरून दहा चिन्हांचं आहे, ते खरंय, पण त्यातला सुचा उकार आणि दोन अनुस्वार पडद्यावर वेगळं घर घेतच नाहीत, ते वर-खाली बसतात. दहा मोजली, लागली सात.

म्हणजे प्रश्न असा झाला की कुठलं चिन्ह घर घेतं आणि कुठलं नाही. आणि इथे मला जे कळलं त्याने मी हरखून गेले. युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या मानकाने, आपल्या मात्रांचे चक्क दोन वर्ग केलेत. काना, पहिली आणि दुसरी वेलांटी, काना-मात्रा, विसर्ग हे एका वर्गात, जागा घेणारे. उकार, ऊकार, ऋकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, हलन्ताचा पाय हे दुसऱ्यात, जागा न घेणारे. म्हणून तीळ बरोबर आला, त्यातली वेलांटी घर घेणारी, आणि धणे चुकला कारण वरची मात्रा घर घेत नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा हे सगळं आईला दाखवलं. आई माझी टायपिस्ट होती, साताऱ्याला टायपिंग क्लास लावून मराठी ३० आणि नंतर ४० दोन्ही परीक्षा पास झाली, पुढे निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत, त्यातली निम्मी वर्षं टाइपरायटरवर. तिला मी युनिकोड वगैरे काही बोलले नाही, नुसतं म्हटलं की काही मात्रांना जागा लागते आणि काहींना नाही आणि त्यामुळे माझा तक्ता वाकडा येतोय.

"अगं, उकाराला गाडी सरकतच नाही," ती म्हणाली. "काना मारला की सरकते. उकार, मात्रा, अनुस्वार या मेल्या कळा. त्या मारायच्या पण गाडी जागेवर."

मी तिला परत सांगायला लावलं. मराठी टाइपरायटरवर वरच्या-खालच्या मात्रांच्या कळा अशा असायच्या की टाइप उमटायचा पण कागद धरलेली गाडी पुढे जायची नाही. काना, वेलांटी दाबली की मात्र एक घर पुढे. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती डावीकडेच येते. आणि जोडाक्षर? ते बहुतेक वेळा अर्धं अक्षर आणि पूर्ण अक्षर असं दोन कळांनी, दोघांनी आपापली जागा घ्यायची. म्हणजे युनिकोडचे ते दोन वर्ग आईच्या बोटांना आयुष्यभर पाठ होते. मी कागदावर दोन याद्या लिहून तिच्यापुढे ठेवल्या, तिने बोट फिरवत वाचल्या आणि मान डोलावली.

टर्मिनलचं हे कूळ तसं उघडच आहे, युनिक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात ते टेलिटाइपवरून, म्हणजे तारेने चालणाऱ्या टाइपरायटरवरून. ओळ संपली की येणारं कॅरेज रिटर्न म्हणजे गाडी परत डावीकडे नेणं. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मॅन पानांची, म्हणजे कमांडांच्या माहितीपानांची. त्यात ठळक अक्षर दाखवायची जुनी रीत अशी की अक्षर, मग बॅकस्पेस, मग परत तेच अक्षर. आणि अधोरेखित म्हणजे अंडरस्कोअर, बॅकस्पेस, अक्षर. लेस हा पेजर, म्हणजे लांब मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम, आजही हे ओळखतो आणि पडद्यावर ठळक किंवा अधोरेखित करून दाखवतो. आईला सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलंच नाही, ऑफिसच्या परिपत्रकाचं शीर्षक ठळक करायचं तर ती असंच करायची, एक घर मागे येऊन त्याच जागी पुन्हा ठोकायचं.

मग तिने विचारलं की तू तक्त्याला टॅब का लावत नाहीस.

मी म्हटलं टॅब म्हणजे नुसत्या आठ जागा, त्याचा काय उपयोग. तर तिने समजावलं, टाइपरायटरवर टॅबचे थांबे आपण बसवायचो, अनुक्रमांक इथे, नाव इथे, रक्कम इथे, आणि मग कळ दाबली की गाडी थेट त्या थांब्यावर जाऊन उभी राहायची, आधी काय टाइप केलं, किती लांब केलं, त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तक्त्यांसाठीच ती कळ होती. मोजत बसायचंच नाही, ठिकाण सांगायचं.

ही ओळ ऐकली आणि माझी दोन आठवड्यांची खटपट कुठे चुकत होती ते लख्ख दिसलं. मी नाव किती रुंद आहे ते मोजून उरलेल्या जागा भरत होते, आणि माझी मोजणी आणि टर्मिनलची मोजणी जुळली नाही की तक्ता मोडत होता. लायब्रऱ्यांचंही एकमत नाही, कुणी काना-वेलांटीला एक घर देतं, कुणी शून्य. ते मोजायचंच सोडून दिलं तर? व्हीटी १०० वर थांबे बसवता यायचे आणि आजच्या टर्मिनल प्रोग्रामनाही ते कळतं. टॅब्स नावाची कमांड आहे, तिला रकान्यांचे आकडे स्वल्पविराम देऊन सांगायचे, १, २५, ३५ असे, आणि मग मजकुरात नुसता टॅब टाकायचा. काम झालं की वजा ८ देऊन थांबे परत आठाआठावर आणायचे, नाहीतर पुढच्या कमांडांचं आउटपुट विचित्र दिसतं. दुसरा मार्ग एस्केप कोडचा, एस्केप, चौकोनी कंस, २५ आणि मोठा जी, याचा अर्थ याच ओळीत पंचविसाव्या घरात जा. नाव छापा, पंचविसाव्या घरात जा, वजन छापा. धणे असो की तमालपत्र, वजन पंचविसाव्याच घरात. बाइट नाही, चिन्हं नाही, काही मोजायचं नाही, फक्त सगळ्यात लांब नावापेक्षा थांबा पुढे हवा एवढं बघायचं.

मी त्याच रात्री स्क्रिप्ट बदलली आणि तक्ता पहिल्या फटक्यात सरळ आला.

यालाही मर्यादा आहेत त्या सांगायला हव्यात. लेसला मोठा आर पर्याय दिला की तो रंगाचे कोड पुढे जाऊ देतो पण उडी मारायचे कोड जाऊ देत नाही, त्यामुळे लांबलचक तक्ता पेजरमध्ये बघायचा असेल तर टॅबचाच मार्ग धरा, लेसला एक्स पर्यायाने थांबे सांगता येतात. आणि फाइलमध्ये लिहायचं असेल तर अर्थातच उडीचा कोड नको, तिथेही टॅब बरा.

राहता राहिलं जोडाक्षर. तमालपत्रातला त्र घ्या, त, पाय आणि र. टर्मिनल असं मोजतं, त ला एक घर, र ला एक घर, पाय फुकट. पण फॉन्ट त्या तिघांचा मिळून एकच त्र काढतो आणि तो एका घरात मावतो, मग शेजारी एक घर रिकामं राहतं किंवा त्र ताणून दोन घरांत बसवला जातो. काही वेगवान टर्मिनल तर जोडणी करतच नाहीत, त ला पाय लावून शेजारी र ठेवून देतात, ते वाचायला फार त्रासाचं. युनिकोडने २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत नियम बदलून देवनागरीतलं असं जोडाक्षर एकच अक्षर-समूह मानायला सुरुवात केली, हे चांगलं झालं, पण टर्मिनलांपर्यंत पोचायला वेळ लागतोय. तुमचं टर्मिनल काय करतं ते बघायचं असेल तर तमालपत्र, लक्ष्मी आणि कोथिंबीर हे तीन शब्द छापून बघा. पहिल्या दोनांत जोडाक्षरं कळतात, आणि कोथिंबिरीत बाइट चोवीस, चिन्हं आठ, घरं सात किंवा चार, अक्षरं मात्र चारच, को-थिं-बी-र.

दिसण्याबद्दल अजून दोन-तीन गोष्टी. मराठी मजकूर अधोरेखित करू नका, ती रेघ उकारातून आरपार जाते आणि कु आणि कृ ओळखू येत नाही. आपल्या अक्षराला वर शिरोरेखा आहेच, खाली अजून एक रेघ कशाला. ठळकही जपून, फॉन्टमध्ये ठळक देवनागरी नसेल तर टर्मिनल तेच अक्षर किंचित सरकवून दोनदा काढतं आणि गाठी बुजतात, टाइपरायटरवर दोनदा ठोकल्यासारखंच पण त्याहून घाण. शीर्षकाला मी फक्त रंग देते आणि खालच्या ओळीत चौकटीच्या चिन्हांची आडवी रेघ, ती पूर्ण ओळ सोडून खाली असल्यामुळे उकाराला धक्का लागत नाही. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो ओळींमधलं अंतर वाढवल्यावर. बहुतेक टर्मिनल इंग्रजीच्या हिशोबाने ओळी घट्ट ठेवतात, त्यात वरचे रफार, अनुस्वार आणि मात्रा वरच्या ओळीतल्या उकारांवर आदळतात किंवा चक्क कापल्या जातात. सेटिंगमध्ये ओळीची उंची सव्वापट करा, फॉन्ट एक-दोन पॉइंट मोठा करा, एवढ्यानेच पान श्वास घेतं.

प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या आधी दिसणारी खूण, रंगीत करत असाल तर एक लक्षात ठेवा, रंगाचे कोड पडद्यावर दिसत नाहीत हे बॅशला कळत नाही, तो त्यांचीही रुंदी धरतो आणि मग लांब कमांड टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते. लाल सुरू करायचा कोड पाच अक्षरांचा, बंद करायचा चार, म्हणजे नऊ अक्षरांची चूक तिथेच. बॅशमध्ये ते कोड बॅकस्लॅश लावलेल्या चौकोनी कंसांत घालायचे, की तो त्यांना मोजत नाही. टाइपरायटरच्या मेल्या कळांसारखंच हे, उमटलं पण गाडी सरकली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी आईला नवा तक्ता दाखवला. नावं पिवळसर, वजनं पांढरी, मधे भरपूर मोकळी जागा. तिने चष्मा लावून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली आकडे डावीकडून का सुरू होतात, ५०० च्या पाचाखाली २५ चा दोन आलाय, रकमेचा रकाना असा नसतो करायचा, एककाखाली एकक आलं पाहिजे. बरोबर होतं तिचं. आकड्यांचं एक बरं असतं, देवनागरी असले तरी प्रत्येक आकडा एकच घर घेतो, मात्रा नाही, पाय नाही, तिथे पायथनची साधी मोजणी चालते, फक्त बॅशचं प्रिंटएफ नको कारण त्याला ५०० सुद्धा नऊ बाइटचे दिसतात. पंचविसाव्या घरात उडी मारल्यावर आकडा चार घरांत उजवीकडे टेकवला. मग तिने खुर्ची ओढून घेतली, लवंग, हिंग आणि राहिलेल्या चार जिनसांची वजनं सांगितली, मी टाइप करत गेले, आणि प्रत्येक ओळ छापली की ती बोटाने उजवी कड तपासत होती.